लेबनॉनच्या पोस्टवरचे रिकामे तास

आमच्या बटालियनचा नंबर लेबनॉनसाठी लागला तेव्हा युनिटमध्ये सगळे खूश होते. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं ट्रेनिंग झालं. ब्ल्यू लाइन, म्हणजे लेबनॉन आणि इस्रायलमधली संयुक्त राष्ट्रांनी आखलेली रेषा, म्हणजे काय, गोळी कधी चालवायची आणि कधी नाही, गावातल्या लोकांशी कसं वागायचं, सगळं शिकवलं. ड्यूटी संपल्यावर संध्याकाळी काय करायचं, हे मात्र तिथे गेल्यावर आमचं आम्हालाच बसवावं लागलं. माझ्या मते परदेशातल्या टूरचं निम्मं काम तेच आहे.

दक्षिण लेबनॉनमध्ये भारताची बटालियन १९९८ पासून आहे. आमचा इलाका पूर्वेकडचा, हर्मन पर्वताच्या अंगाचा. मुख्यालय इबल अस-साकी या गावाला, बाकी कंपन्या डोंगरांवरच्या पोस्टवर. सुरुवातीचे आठवडे नवलाईत गेले. मग तोच टॉवर, समोर तेच कुंपण, तीच ऑलिव्हची झाडं. ड्यूटी नसली तरी मनाला येईल तेव्हा गेटबाहेर पडता येत नाही. जवान बिघडतो तो इथे. गप्प गप्प राहतो, जेवण टाकतो, रात्रभर मोबाईल बघतो.

आधी फोनची घडी बसवली. उन्हाळ्यात भारत अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन. रात्री नऊला फोन लावावा तर थंडीच्या दिवसांत घरी साडेबारा वाजलेले आणि पोरं झोपलेली. म्हणून ज्यांची लेकरं लहान, त्यांना पाच ते सहाची वेळ मोकळी मिळेल अशी ड्यूटी लावायला सुभेदार साहेबांनी सांगितलं. एवढ्या एका बदलाने पोस्टवरचे चेहरे बदलले.

खेळ म्हणजे व्हॉलीबॉल. जागा कमी लागते, आणि पोस्टवर जागाच नसते. शेजारच्या नेपाळी बटालियनशी सामना ठरला की आठवडाभर दुसरा विषय नसायचा. नेपाळी पोरं उंचीने बेताची, पण काय उड्या मारतात! हरलो तरी मजा यायची, नंतर चहा आणि गाणी व्हायची.

बर्फ पडायला लागला की नेट गुंडाळावं लागे. मग प्रीफॅबच्या, म्हणजे तयार भाग जोडून उभ्या केलेल्या खोलीत कॅरम. दमट हवेने बोर्ड असा ओल धरायचा की स्ट्रायकर मध्येच थांबे. आमचा एक नाईक रोज संध्याकाळी बोर्ड हीटरसमोर उभा करायचा, कोरड्या कापडाने कोपऱ्याकोपऱ्यातून पुसायचा, बोट फिरवून बघायचा आणि मगच पावडर टाकायचा. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. अशी माणसं असतात म्हणून पोस्ट चालते, हे मी मनापासून सांगतो.

गणपतीला तिथल्याच मातीची मूर्ती केली, स्टीलच्या ताटावर टाळांचा ठेका धरला. आरतीला पंजाबी, गढवाली सगळेच उभे. विसर्जन पाण्याच्या पिंपात केलं आणि ते पाणी झाडांना घातलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडायची ती जनावरांच्या डॉक्टरांबरोबरची फेरी. आपली बटालियन तिथल्या गुराढोरांवर मोफत उपचार करते. मी सुरक्षेला जायचो, पण शेतकऱ्याचा पोरगा, शेळी धरायला हात आपोआप पुढे जायचे. एक म्हातारा मेंढपाळ दर वेळी कॉफी पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. शेळीच्या पोटावर हात ठेवून तो बोटांनी दाखवायचा, अजून किती दिवसांत विणार ते.

टूरच्या शेवटची मेडल परेड झाली आणि आमची जागा घेणाऱ्या बटालियनची आधी येणारी तुकडी आली. शस्त्रं, गाड्या, नकाशे यांचा ताबा देऊन झाल्यावर मी त्यांच्या हवालदाराला वेगळं बसवून सांगितलं: जादा स्ट्रायकर आणि दोन नेट मागवून ठेव, सिनेमांची हार्ड डिस्क एकाच खोलीत अडकू देऊ नकोस, आणि फोनच्या वेळा पहिल्याच आठवड्यात लाव. त्याने वही काढून सगळं लिहून घेतलं.