तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याच्या सिनेमाला सरकारचा पैसा कशाला?

फोंडा तालुक्यात आम्ही काही मंडळी बऱ्याच वर्षांपासून गावोगाव सिनेमे दाखवतो. कधी शाळेच्या सभागृहात, कधी देवळाच्या मांडवात. त्यामुळे लग्नाकार्यात, बाजारात, बँकेच्या रांगेत कुणी ना कुणी गाठून हा प्रश्न विचारतंच: "सर, नोव्हेंबरात पणजीला इफ्फीचा एवढा मोठा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, वर आपलं सरकार कोकणी-मराठी सिनेमांना अनुदान देतं. त्यातला एकही सिनेमा आम्ही पाहिलेला नाही. मग तो पैसा रस्त्यांना आणि नळाच्या पाण्याला का घालू नये?"

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. सरकारने सिनेमाला पैसा द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पण "आम्ही पाहिलेला नाही" ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

आधी हिशेब बघू. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. समजा, दर वीस गोवेकरांमागे एकाने दीडशे रुपयांचं तिकीट काढून एखादा कोकणी सिनेमा पाहिला. तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं धरून दर विसांत एक, म्हणजे प्रतिसाद उदंडच म्हणायचा. गल्ला होईल साधारण एक कोटी. त्यातून कर गेला, थिएटरवाल्याचा निम्मा वाटा गेला, की निर्मात्याच्या हाती पन्नास लाखही राहत नाहीत. एवढ्यात पन्नासेक माणसांचं युनिट तीन आठवडे राबवायचं, त्यांचं जेवणखाण, गाड्या, कॅमेरा-लाइटचं भाडं भागवायचं, मग एडिटिंग, साउंड, सेन्सॉर आणि जाहिरात. उत्तम चाललेल्या सिनेमाची ही गत, तर बाकीच्यांचं विचारूच नका. दिग्दर्शक कितीही गुणी असला तरी आपल्या माणसांची संख्या तो वाढवू शकत नाही. लहान भाषेतला सिनेमा बाजाराच्या भरवशावर सोडला, तर तो बनणारच नाही.

असा आधार द्यावा, हे आपल्याला नवीन नाही. जत्रेला देवळापुढे नाटक होतं, त्याला गावाची वर्गणी असते. कला अकादमीची नाट्यस्पर्धा सरकारी पैशावर चालते. नाटकाचा पैसा गटारांना द्या, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नाटक आपलं आहे, हे गोव्यात कुणाला पटवावं लागत नाही. सिनेमा मात्र आपल्याला मुंबईहून येणारा माल वाटतो.

देशपातळीवरही सिनेमाच्या वाट्याला हाच परकेपणा आला. स्वातंत्र्य मिळाल्यावर 1949 मध्ये केंद्र सरकारने सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते स. का. पाटील. 1951 च्या अहवालात समितीने सिनेमाला कर्ज देणारं महामंडळ, शिक्षणसंस्था आणि संग्रहालय यांची शिफारस केली. 1960 मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन उभं राहिलं. त्याच वर्षी पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पण साहित्याला, संगीत-नाटकाला आणि चित्रकलेला 1953-54 मध्येच राष्ट्रीय अकादम्या मिळाल्या होत्या, तशी सिनेमाला मिळाली नाही. कन्नड लेखक शिवराम कारंतांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने 1980 मध्ये चलच्चित्र अकादमी, म्हणजे सिनेमाची अकादमी, काढा असं लेखी सुचवलं. ती राष्ट्रीय अकादमी आजही झालेली नाही. सिनेमा कला म्हणून सरकारच्या मनात कधी पुरता बसलाच नाही, असं मला वाटतं. एका हाताने त्याला कर्ज द्यायचं आणि दुसऱ्या हाताने करमणूक कर घ्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं.

तरी त्या तुटपुंज्या पैशातून काय काय उभं राहिलं! मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' त्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झाला, केरळच्या अडूर गोपालकृष्णन यांचा 'स्वयंवरम्'ही. त्याआधी 1955 मध्ये आलेल्या सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ला पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले होते, आणि तो खर्च चक्क रस्तेसुधारणेच्या खात्यात दाखवला गेला होता. रस्ते की सिनेमा असं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. बंगालचे किती रस्ते त्या पैशात झाले असते कोण जाणे, पण त्या सिनेमातली अपू आणि दुर्गा ही भावंडं जगभर ओळखीची झाली.

कॉर्पोरेशनच्या पैशातून निघालेल्या कितीतरी सिनेमांना मात्र थिएटरच मिळालं नाही. कर्ज देण्याची सोय सरकारने केली, दाखवण्याची केली नाही. सिनेमे डब्यांत राहिले, कर्जं थकली, आणि लोक म्हणू लागले की हे सिनेमे कुणाला बघायचेच नसतात. ज्याला बघायची संधीच मिळाली नाही, त्याच्या नावावर हा निकाल लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

आता गोवा. 2004 पासून इफ्फी इथे आला, त्यासाठी एंटरटेनमेंट सोसायटी स्थापन झाली, पणजीच्या जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. 2007 पासून एनएफडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार हा सिनेमांच्या देवघेवीचा मेळावाही इथेच भरतो. याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. फोंड्याहून कदंबाच्या सरकारी बसने जाऊन इराणी, कोरियन सिनेमे बघणारी कॉलेजची मुलं आज कॅमेरा हातात घेऊन उभी आहेत. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा 'पल्तडचो मनीस' एनएफडीसीने काढला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरच्या या सिनेमाला 2009 मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. कोकणी सिनेमासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

हा सिनेमा आम्ही रीतसर परवानगी घेऊन धारबांदोड्याच्या बाजूच्या एका वाड्यावर दाखवला. गोष्ट एका वनरक्षकाची आहे. जंगलात एकटा राहणारा हा विधुर एका वेड्या बाईला घरात आसरा देतो आणि गाव त्याच्यावर उलटतं. सिनेमा संपल्यावर आम्ही वायरी गुंडाळायला लागलो, तरी कुणी उठेना. मग काजूच्या बागायतीत कामाला जाणारी एक बाई म्हणाली, "तशी एक आमच्या वाड्यारूय आशिल्ली." म्हणजे तशी एक आमच्या वाड्यावरही होती. तिला जेवण कोण घालायचं, पोरं दगड मारायची तेव्हा कुणी अडवलं, शेवटी ती कुठे गेली, यावर तासभर बोलणं चाललं. एक म्हातारे गृहस्थ सारखे सांगत होते, "आम्ही तिला वाईट वागवलं नाही हो." त्यांच्याकडे न बघता दुसरी बाई म्हणाली, "वागवलं." भाषणाने किंवा सरकारी जाहिरातीने हे बोलणं निघालं नसतं. सिनेमा आपल्या भाषेत, आपल्याच रानात घडत होता म्हणून निघालं. सिनेमाला मी कला म्हणतो ते याच्यासाठी.

टोरोंटोला पोचलेला सिनेमा धारबांदोड्याला मात्र कुणीतरी प्रोजेक्टर उचलून नेला म्हणून पोचला. बाकीच्यांचं काय होतं? अनुदान मिळतं, सिनेमा बनतो, महोत्सवात एक खेळ होतो, एखादं बक्षीसही मिळतं. मग मल्टिप्लेक्समध्ये सकाळी अकराचा शो. त्या वेळी कामाला गेलेला माणूस येणार कुठून? शुक्रवारी लागला, सोमवारी उतरला. गावातली जुनी थिएटरं एकेक करून गेली. पणजीचं सिने नॅशनलसुद्धा कधीचं बंद आहे. पूर्वी राज्य सरकार चांगला सिनेमा करमुक्त तरी करायचं. 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून तेही सोपं राहिलेलं नाही.

वेगळी वाट काढणारेही आहेत. बार्द्रॉय बार्रेटो यांनी 'नाचुंया कुंपासार' लोकांच्या वर्गणीतून केला, मोठी सभागृहं घेऊन दाखवला आणि लोकांनी ती भरून टाकली. ज्यांना कोकणी सिनेमाला प्रेक्षक नाही असं वाटतं, त्यांनी ती गर्दी बघायला हवी होती. पण एवढी ताकद प्रत्येक निर्मात्याकडे कुठून असणार?

केरळने सुरुवात प्रेक्षकापासून केली. अडूर आणि त्यांच्या मित्रांनी 1965 मध्ये चित्रलेखा फिल्म सोसायटी, म्हणजे एकत्र चांगले सिनेमे बघणाऱ्यांची संस्था, काढली आणि राज्यभर अशा सोसायट्यांचं जाळं पसरत गेलं. 'स्वयंवरम्' आला तो त्यानंतर, 1972 मध्ये. पुढे 1998 मध्ये सरकारने चलच्चित्र अकादमी स्थापन केली. ती महोत्सव भरवते आणि गावोगाव खेळही करते. आपल्याकडे महोत्सव आला, पण त्याच्या आगेमागे हे काही झालं नाही.

सरकारचा पैसा आला की सरकारची भाषा बोलावी लागेल, अशी भीती काहींना वाटते. ती खोटी नाही. म्हणून निवड समितीत सिनेमा जाणणारी माणसं असावीत, त्यांची मुदत ठरलेली असावी आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं. एवढं केलं तरी बरंच निभतं.

आणि माझी मागणी विचाराल, तर ती खर्चाने फार मोठी नाही. अनुदानाच्या करारातच दाखवण्याचा खर्च वेगळा धरा. प्रत्येक तालुक्यात संध्याकाळी, कामाची माणसं घरी आल्यावर, निदान एक खेळ झालाच पाहिजे आणि तो झाल्याशिवाय फाइल बंद करू नका. मडगावला, साखळीला, कुडचड्याला रवींद्र भवनं आहेत, फोंड्याला राजीव गांधी कलामंदिर आहे, सभागृहं तर जवळपास प्रत्येक पंचायतीत आहेत. लागतो तो एक बरा प्रोजेक्टर, बरे स्पीकर, ते चालवणारा पगारी माणूस आणि एक गाडी. सिनेमे तर तुमच्या-माझ्या पैशांतून आधीच बनून तयार आहेत. तुमच्या पंचायतीची पुढची ग्रामसभा असेल तेव्हा सभागृह महिन्यातून एका संध्याकाळी सिनेमासाठी मागा. ठराव कसा लिहायचा ते मी सांगेन.