मेला नाही, दिलाय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. बार्ली मेलेला नाही. २९ किलोचा पिवळा लॅब्रडॉर आहे, इंग्लंडात गाईड डॉगच्या, म्हणजे अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या, प्रशिक्षण केंद्रात आहे, आणि दोन वेळचं मोजून दिलेलं खाणं वाटी चाटूनपुसून संपवतोय अशी पक्की खबर आहे. गोव्यात डिचोलीच्या घरी ओट्यावर बसून "अरेरे, दुखणं काय होतं गो?" असं विचारून गेलेल्या सगळ्या काक्यांचे आणि वयनींचे आभार, पण दुखणं काहीच नव्हतं. तो मेल्याची बातमी माझ्याच तोंडून सुटली. ती कशी, ते येईलच. आधी दुसरा प्रश्न, जो खरी हकीगत माहीत असलेले विचारतात: परत द्यायचाच होता तर आणलास कशाला, आणि देऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर गोव्यात फिरायला कशी आलीस?

आणलास कशाला, याला मी तिकडे इंग्लंडात चौदा महिने एकच उत्तर देत आले. "तो माझा नाहीच, मी फक्त वाढवतेय." उत्तर छान आहे, समोरचा गप्प होतो. ते अर्धं खोटं आहे हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. रात्री तीन वाजता परसात पावसात उभं राहून "बिझी, बिझी" म्हणत पिल्लाच्या शी-शूची वाट बघणाऱ्या बाईला तो आपला नाही हे कोण पटवणार? (हा हुकूम खराच आहे. पुढे ज्याच्याकडे कुत्रा जाणार त्याला दिसत नाही. कुठे केलं ते कळलं नाही तर उचलणार कसं? म्हणून सांगितलेल्या जागी, सांगितल्यावर, पट्ट्यावर असताना करायची सवय आठव्या आठवड्यापासून लावतात.) आणि हो, लोक बसमध्ये "किती मोठं काम करता तुम्ही" म्हणायचे तेव्हा मला ते आवडायचं. खूप आवडायचं. तेही आणण्याच्या कारणांत धरा.

गाईड डॉगचं खूळ नवं नाही. ब्रिटनमध्ये पहिले चार कुत्रे १९३१ मध्ये तयार झाले, चारही अल्सेशियन (जर्मन शेफर्ड). आता बहुतेक लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा त्यांचा संकर. नावही आपण ठेवत नाही. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठरतात. खाण्याचा आणि डॉक्टरचा खर्च संस्थेचा; घर, वेळ आणि कुरतडलेल्या चपला आपल्या. चेंडू फेकून खेळायचं नाही, कारण उद्या हार्नेसमध्ये (माणूस धरतो त्या दांडीच्या पट्ट्यात) असताना समोरून चेंडू गेला तर माणसासकट धावेल. ताटातलं द्यायचं नाही, सोफ्यावर घ्यायचं नाही, सरकत्या जिन्यावर न्यायचं नाही (पंजे अडकतात). वाट दाखवायला आम्ही शिकवतच नाही. बस, लिफ्ट, ढोल, गर्दी यांना न घाबरणारा, डाव्या बाजूला किंचित पुढे राहून सरळ चालणारा कुत्रा तयार करून द्यायचा, एवढंच आमचं काम.

आणि कड. सगळ्यांत जास्त दिवस जातात ते फुटपाथच्या कडेवर. प्रत्येक कडेला थांबायचं. रस्ता रिकामा असला तरी, घाई असली तरी, पाऊस असला तरी. कुत्र्याने कड दाखवली नाही तर माणूस सरळ रस्त्यात उतरेल. कुत्र्याला सिग्नल वाचता येत नाही, लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळे दिसतही नाहीत. कधी ओलांडायचं ते माणूस कानाने ठरवतो आणि 'फॉरवर्ड' म्हणतो. गाडी येत असेल तर तो हुकूम मोडायचा, हे पुढे केंद्रात शिकवतात. आमच्या वाट्याला नुसतं थांबणं. दिवसाला दोन फेऱ्या, चौदा महिने. कुत्रा किती शिकला ते केंद्रवाले बघतील. मी मात्र पक्की शिकले.

द्यायच्या दिवसाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, लोकांना वाटतं तितकं तर नाहीच. गाडी लागते म्हणून सकाळचं खाणं अर्धं दिलं. सोबत कागद: कशाला दचकतो (हात वाळवायचं यंत्र, चाकांची कचरापेटी), कुठल्या शब्दाला काय करतो. निळं जॅकेट काढलं, पट्टा प्रशिक्षक बाईंच्या हातात दिला. त्यांच्या खिशात खाण्याचे दाणे होते. तो खिशामागून चालू लागला आणि मागे वळला नाही. याचं मी वाईट वाटून घेत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलंय की साधारण चारांतल्या एका लॅब्रडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या पीओएमसी जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि मदतनीस कुत्र्यांत असे कितीतरी जास्त सापडतात. खाण्यासाठी काहीही करणाराच लवकर शिकतो. म्हणजे ज्या गुणावर त्याची निवड झाली त्याच गुणावर तो गेला. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगते.

आता गोवा. पूर्वी मी इतर वाढवणाऱ्यांना ठासून सांगायचे: दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी विमानात बसा. साफ चूक. एक तर तारीख सरकते. केंद्रात जागा मोकळी व्हायची असते, खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे व्हायचे असतात, मादी असली तर माजावर येते. आमची तारीख दोनदा हलली. तेव्हा तिकीट बदलता येईल असंच काढायचं, स्वस्तातलं नको. दुसरं म्हणजे पहिल्या आठवड्यात केंद्रातून फोन येऊ शकतो: खात नाही, अमुक करतो, तुम्ही काय म्हणायचात? त्या वेळी आपण विमानात असून चालत नाही. मधला आठवडा घर आवरायला लागतोच. बिछाना, वाटी, जॅकेट, ब्रश परत. चादरी दोनदा धुवायच्या. लॅब्रडॉरचे केस गादीच्या शिवणीत महिनोन्‌महिने निघतात. ते हाताने वेचत बसायचं नाही, व्हॅक्युमची मशीन फिरवायची.

जागा अशी हवी जिथे तो कधी आला नव्हता. इंग्लंडातल्याच समुद्रावर मी गेले असते तर प्रत्येक बाकाशी त्याची आठवण बांधलेली. डिचोलीत तसं काही नाही. पावसाळ्यात आले तेही मुद्दाम. शॅक मोडलेले, समुद्रावर लाल बावटे, पाहुणे नाहीत. गणेश चवथीच्या आधी तीन आठवडे. चवथीला आलं की अख्खं गाव एकाच दिवशी विचारतं. चार दिवसांची सहल मात्र कामाची नाही. पहिले चार दिवस झोपेतच जातात. जे सलतं ते दुसऱ्या आठवड्यात सलतं, तेव्हा निदान तीन आठवडे काढा.

शरीर घड्याळ सोडत नाही. बार्लीचं सकाळचं खाणं सातला असायचं; इथे तेव्हा साडेअकरा. आई भाताचं पाणी बघत असते आणि माझा हात खिशात शिट्टी शोधतो. खाण्याआधी तीन बारीक शिट्ट्या वाजवतात. मोकळ्यावर सोडलं की त्याच शिट्टीला परत यावा म्हणून. रात्री साडेनऊला पुन्हा तेच. यावर उपाय म्हणजे त्या दोन वेळांना हात गुंतलेले हवेत. नारळ खवणं उत्तम, विळीवर लक्ष द्यावंच लागतं. चालायला जाताना पिशवी डाव्या खांद्याला अडकवायची, म्हणजे डावीकडची मोकळी जागा भरते. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज ठरल्या वेळी घालायला सुरुवात करायची नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत आला की मी एक पोय (गव्हाचा पाव) जास्त घ्यायचे, फाटकातल्या काळ्यासाठी. तिसऱ्या दिवशी तो पोदेराच्या आधी येऊन बसला. तेव्हा कळलं की आता मी आणखी एकाला सोडून जाण्याची तयारी करतेय. बंद केलं. आईला मागाहून विचारलं, तो आठवडाभर येऊन बसत होता. तर करू नका.

हे सगळं नीट चाललं होतं. मग नार्वे.

नदीकाठच्या नार्व्याच्या धक्क्यावरून पलीकडे दिवाडी बेटावर जायचं होतं. सप्तकोटेश्वराच्या पाया पडून निघाले. तो देवही मूळचा दिवाडीचा, पोर्तुगीज काळात नदी ओलांडून इकडे आणलेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ उभं करवलं. पाऊस बारीक लागला होता, नदी मातकट. फेरीबोट लागली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: बोटीच्या तोंडाची लोखंडी फळी खाली येऊन धक्क्याच्या उतारावर टेकते. भरतीला उतार आखूड. ओहोटीला लांब, आणि खालचा भाग शेवाळलेला. फळी पक्की बसत नाही. पाणी हलेल तशी तिची कड चार बोटं उचलते आणि आपटते. आधी आतले बाहेर येतात, मग बाहेरचे आत. चालणारे आणि स्कूटरवाले एकत्रच घुसतात, रांग वगैरे नसते.

मी त्या कडेशी आले आणि थांबले. ठरवून नाही. पाय जुळलेले, डावा हात कमरेशी, मूठ वळलेली, आणि नजर डाव्या गुडघ्याच्या पुढे, खाली, जिथे एक पिवळं डोकं असायला हवं. "मुखार!" फेरीवरचा माणूस ओरडला, म्हणजे 'पुढे', आपलं 'फॉरवर्ड'. "मुखार सर गो!" हुकूम आला, डावीकडे काही हललं नाही, म्हणून मीही हलले नाही. हे आता लिहिताना वेडगळ वाटतं. तेव्हा मी खरोखर वाट बघत होते. फळी उचलली, आपटली. "मुखार!" मागून हॉर्न. मग ब्रेकचा आवाज, आणि एक स्कूटर शेवाळावरून आडवी होत माझ्या उजव्या अंगाने घसरत फळीला लागली.

चालवणारे साठीचे असतील. पँट गुडघ्यावर फाटली, रक्त आलं. पायाशी ठेवलेली उकड्या तांदळाची पिशवी फुटून तांदूळ शेवाळावर पसरले. दोघांनी स्कूटर उचलली. मी भर पावसात छत्री मिटून उभी, कारण काहीतरी करायला हवं होतं आणि तेवढंच सुचलं. ते चिडले असते तर सोपं होतं. ते लंगडत माझ्याजवळ आले.

"किदें जालें गो बाय?"

"म्हजो सुणो…" माझा कुत्रा, एवढंच आलं.

"मेलो?"

आणि मी हो म्हटलं, "हय."

त्यांनी माझ्या हातातली छत्री उघडून माझ्यावर धरली. नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यात त्यांनी आपला कुत्रा कसा गेला ते सांगितलं: बसखाली, दारासमोर, नातवाच्या देखत. तांदळाचे पैसे देऊ केले तर हात जोडले. मी आख्खी नदीभर रडले, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कोणी "मग दिलास कशाला" असं विचारलं नाही. त्यांची कोणी पाहुणी डिचोलीत आमच्याच वाड्यावर राहते. संध्याकाळपर्यंत बार्ली मेला होता.

खोटं का बोललीस, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जाईल, म्हणून आधीच सांगते. रक्ताळलेल्या गुडघ्यासमोर उभं राहून "मी आपणहून दिला, कागदावर सही करून दिला, आणि आता तुमच्या वाटेत अडून बसलेय" असं म्हणायला तोंड नव्हतं. मेलेल्या कुत्र्यासाठी रडायला परवानगी लागत नाही. हे स्पष्टीकरण आहे, सबब नाही, असं मी लिहिणार होते. पण सबबच आहे. खरं शब्द दोनच होते, "ना, दिलो." तेवढं कोंकणी मला येतं.

सहलीने बरं वाटलं का? झोप सुधारली. पणजीच्या फुटपाथवर अजून थांबते; तिथल्या कडा इतक्या उंच आहेत की थांबलेलंच बरं. दुसरं पिल्लू घेणार का, याचा अर्ज अर्धा भरून ठेवलाय. बार्ली पास होईलच असंही नाही. कबुतरांमागे धावला किंवा पाठीवर हार्नेस सोसला नाही तर काढतात, आणि मग ज्याने वाढवला त्यालाही विचारलं जातं. तो नापास व्हावा असं मला वाटतं का? सोमवारी वाटतं, मंगळवारी नाही.

ते गृहस्थ दर रविवारी सकाळच्या फेरीने जातात असं म्हणाले होते. पहिल्या रविवारी मी गेले नाही. दुसऱ्या रविवारी नार्व्याला गेले, सांगायचंच असं ठरवून, वाक्य पाठ करून. ते समोरच्या फेरीतून उतरत होते; लंगडत नव्हते, स्कूटरवर नवी पिशवी होती. मी छत्री तोंडासमोर धरली.