मागच्या सीटवर बसवल्याशिवाय किल्ली दिली नाही

सप्टेंबर संपत आला की आमच्या चंद्रपूरकडच्या मारुती जिप्सीवाल्या गॅरेजांमध्ये जेवायलाही वेळ मिळत नाही. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतला गाभा, १ जुलैपासून बंद असतो, १ ऑक्टोबरला गेट उघडतं, आणि सगळ्या मालकांना त्याच आठवड्यात आठवतं की क्लच घसरतोय, ब्रेक ओढतोय, सेल्फ घेत नाही. बफरवाल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात फिरणाऱ्या, गाड्यांचं तर त्याहून अवघड, त्या पावसाळाभर चालूच असतात, नाल्यातून, काळ्या मातीच्या चिखलातून, आणि तशाच पाणी प्यायलेल्या अवस्थेत येऊन उभ्या राहतात.

अशाच गर्दीत एक पांढरी जिप्सी आली. १३०० सीसी, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली. मालक पंचविशीतला पोरगा, मोहर्लीकडचा, कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली. आता जुनीच घ्यावी लागते, जिप्सी १९८५ ला आली आणि २०१८-१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे सफारीसाठी ज्याला जिप्सीच पाहिजे त्याला कुणाची तरी वापरलेलीच बघावी लागते. ही एका मोठ्या शहरातल्या ऑफरोडिंगच्या शौकिनाकडून आलेली. लांब शॅकल (कमानपाट्यांचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) टाकून उचललेली, २३५/७५ चे टायर, चाकाच्या मागे चाक बाहेर ढकलणारे स्पेसर, आणि त्यावर या पोराने सफारीचं ओपन बॉडीचं काम करून उंच सीटांच्या दोन रांगा बसवून घेतलेल्या. बघायला एकदम रुबाबदार गाडी, खोटं कशाला बोलू.

तक्रार एकच. "दादा, पन्नास-साठच्या वर गेलं अन् एखादा खड्डा लागला का स्टेअरिंग हातात राहत नाही, असं झटके मारते का पूर्ण गाडी थरथरते, थांबल्याशिवाय बंदच होत नाही." परवाला गेट उघडणार, पहिल्याच सकाळची बुकिंग पक्की. आधी दोन ठिकाणी दाखवून झालेलं. एकाने बॅलन्सिंग अलाइनमेंट केलं, दुसऱ्याने टायरॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलून स्टेअरिंगचा डँपर, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, नवा टाकला आणि दोन आठवडे बरं वाटलं, मग परत तेच.

डँपरचं मला पहिल्यापासून वावडं आहे. म्हणजे कंपनीने दिलाय तो असावाच, पण हादऱ्यावर इलाज म्हणून नवा डँपर टाकणं म्हणजे हादरा दाबून ठेवणं, खाली जे झिजतंय ते झिजतच राहतं आणि डँपर थकला की पहिल्यापेक्षा जोरात वर येतं.

जिप्सीला पुढेसुद्धा पूर्ण एक्सल आहे, खाली कमानपाट्यांवर बसलेला. चाक वळतं ते नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या वळत्या सांध्यावर, आणि नकल फिरतो वरच्या खालच्या दोन किंगपिनवर, प्रत्येक पिनला एक छोटं टेपर बेअरिंग, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. एवढ्याशा बेअरिंगांवर सगळं स्टेअरिंग उभं असतं आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण ती दिसत नाहीत.

पुढचा एक्सल घोडीवर घेतला, चाक वर आणि खाली धरून हलवलं. चांगलंच लागत होतं. आता इथे बरेच जण लगेच हबचं बेअरिंग टाईट करायला घेतात. आपण पोराला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबला की डिस्क पकडली जाते, हब नकलला बांधला जातो, हबमधला ढिलेपणा असेल तर तो गायब होतो. इथे काहीच गायब झालं नाही, तेवढंच हलत होतं. म्हणजे किंगपिन. दोन्ही बाजूंना तेच.

चाक, कॅलिपर, हब, स्पिंडल काढून एक्सलची शाफ्ट ओढली तर आतून ग्रीस नाही आलं, पांढरट पातळ पाणी मिसळलेलं काहीतरी आलं, त्यात ९० नंबर ऑइलचा वास. दोन्हीकडून खेळ झालेला. एक्सलच्या टोकाच्या गोळ्यावरचं बाहेरचं वायपर सील फाटलेलं, तिथून नाल्याचं पाणी आत, आणि आतलं एक्सलचं ऑइल सील कडक झालेलं, तिथून डिफ्रन्शियलचं ऑइल बाहेर येऊन होतं नव्हतं ते ग्रीस धुवून काढत होतं. पाणी जाऊन बसतं तळाला, म्हणून खालचं बेअरिंग आधी मरतं. उजव्या बाजूचं खालचं तर गंजून तपकिरी झालेलं. डावीकडचा कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, पुसून बोट फिरवलं तर प्रत्येक रोलरची आडवी खूण नखाला लागत होती, ओळीने. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते ना, रोलर त्याच त्याच जागी आपटत राहतात आणि स्वतःची जागा कोरून घेतात. मालकाला बोलावून त्याचंच बोट त्यावरून फिरवलं.

अशा वेळी सोपा रस्ता म्हणजे पिनखालची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, कमी करून आवळून टाकणं. ढिलेपणा गेल्यासारखा वाटतो, पण कोरलेल्या कपात बेअरिंग आवळलं तर मध्यभागी स्टेअरिंग अडकायला लागतं. चारही बेअरिंग कपांसकट बदलायचीच, सील सगळी नवीन, यात मी कधी तडजोड करत नाही. सामान अजून सहज मिळतं, सैन्याने इतकी वर्षं जिप्सी वापरली त्याचा हा एक मोठा फायदा आहे आपल्याला. नकल परत चढवला की वायपर सील लावण्याआधी स्प्रिंगचा काटा टायरॉडच्या भोकात अडकवून ओढून बघायचं, एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान नकल हलायला लागला पाहिजे. त्याहून हलका असेल तर एखादी पातळ शिम काढा, जड असेल तर टाका. या कामाला अंदाज चालत नाही, आमच्या पोरांनाही मी हाताने "बरोबर आहे" म्हणू देत नाही, काटा लावूनच बघायचं.

दुपार होऊन गेली. गाडी मूल रोडला काढली, सत्तरपर्यंत नेली, मुद्दाम खड्ड्यातून घातली. थरथर गेली. मालक इतका खूश की तिथूनच घरी फोन लावला. पण मला वेगळंच खटकत होतं. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नव्हतं, ओढून आणावं लागत होतं, आणि सरळ रस्त्यावर गाडी थोडी इकडे तिकडे सरकत होती.

परत येऊन किंगपिनच्या टोपीवर अँगल गेज ठेवला. कंपनीचा कॅस्टर साडेतीन अंश, इथे एक अंशसुद्धा भरत नव्हता. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल, सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो आणि म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते, तेच. जिप्सीच्या पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की कमानीचं पुढचं टोक खाली जातं, मागचं आहे तिथेच, म्हणजे एक्सल पुढच्या बाजूला कलंडतो आणि तो मागचा कल खाऊन टाकतो. उभ्या झालेल्या किंगपिनला चाक सरळ धरून ठेवता येत नाही, प्रत्येक खड्ड्याला चाक भरकटतं, त्यात स्पेसरमुळे चाक बाहेर गेलेलं, त्यामुळे प्रत्येक धक्का जास्त तरफेने किंगपिनवर. म्हणजे बेअरिंग पाण्याने मेली हे खरं, पण त्यांना इतक्या लवकर मारलं या सगळ्याने मिळून. आज नवीन टाकली, हीसुद्धा तशीच जाणार.

आणि एवढं करून मिळतं काय? शॅकल चार इंच वाढवला तर गाडी उचलते दोनच इंच, निम्मी. तीसुद्धा फक्त बॉडी उचलते, एक्सल आहे तिथेच राहतो. दगडावर घासतो तो डिफ्रन्शियलचा गोळा, त्याच्याखाली शॅकलने एक सूतही जागा वाढत नाही, ती फक्त टायरने वाढते. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण गाडी तर उंच दिसते ना.

टायरचंही तसंच. कंपनीचा २०५/७० चा टायर साधारण ६६८ मिमी व्यासाचा, २३५/७५ चा ७३३. जवळजवळ दहा टक्के मोठा, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के लांब झाला. जंगलात गाडी पळवायची नसते, चालायच्या वेगाने न्यायची असते, वाघ दिसला की पुढे मागे पुढे मागे, आणि हे सगळं अर्ध्या क्लचवर. म्हणून याचा क्लचही संपत आलेला.

मी म्हणलं, शॅकल काढ, ओरिजिनल टाकू. तो म्हणे, "दादा, पाहुण्यांना उंची आवडते, फोटो चांगले येतात. अन् हादरा तर गेला ना आता." मग कमानीखाली लोखंडाची पाचर टाकून कल परत आणता येईल का हेही त्याने विचारलं, कुणीतरी सांगितलं असणार. येतो ना. पण पाचरीने एक्सल मागे फिरवला की डिफ्रन्शियलचं तोंड खाली जातं, पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस लवकर जातो. शौकिनाच्या गाडीत मी हे करून देतो, तो दोन माणसं घेऊन रविवारी डोंगरात जातो, शाफ्टचा खर्च त्याला माहिती असतो. इथे प्रश्न उंचीचाच होता. रिकामी जिप्सी हजार किलोच्या आसपास. तीत ड्रायव्हर, गाईड आणि सहा पाहुणे म्हणजे पाचशे किलो, गाडीच्या निम्मं वजन, आणि त्यातले सहा जण उंच सीटांवर. वर ही उचललेली. कायद्याचंही बोललो, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं बोट तिथेच ठेवेल. पोरगा ऐकून घेत होता पण मान हलत नव्हती. अठरा-वीस हजाराचं सामान गाडीबरोबर आलेलं, ते काढायचं म्हणजे जिवावर येतंच, मला कळत होतं.

मग मी विचारलं, तू कधी मागच्या रांगेत बसलायस का? नाही म्हणाला. स्वतःच गाडी चालवतो, मागे कशाला बसेल.

शेजारच्या पंक्चरवाल्याची आणि आमची पोरं गोळा केली, सीटा भरल्या, याला शेवटच्या रांगेत कडेला बसवला आणि मी चालवायला बसलो. काही स्टंट नाही केला, चाळीसचाच वेग, रोज मोहर्ली रोडला चालते तशी. गावाबाहेर एक उखडलेलं वळण आहे, आधी डावीकडे मग लगेच उजवीकडे. पहिल्या वळणाला बॉडी बाहेर कलली, ती सावरायच्या आत दुसरं वळण, आणि सगळं वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. ड्रायव्हर सीटवर याचं काही कळत नाही, हातात स्टेअरिंग असतं, खाली बसलेलो असतो. आरशात बघितलं तर याने दोन्ही हातांनी समोरचा पाइप धरलेला. पंक्चरवाल्याचा पोरगा ओरडला, "अबे हळू!" मी तिथूनच परत फिरलो.

गॅरेजला उतरून तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, सीटांकडे बघत. मग म्हणाला, "दादा, इथं लेकरं बसतात हो, तीन तीन चार चार वर्षांचे. काढून टाका." बाकी काही बोलणं झालं नाही.

आमच्याकडे लिलावातल्या एका जिप्सीचे चांगले शॅकल ठेवलेले होते, ते बसवले, बुश नवीन. रबरी बुशच्या गाडीत शॅकलचे बोल्ट हवेत कधी फायनल आवळायचे नाहीत, गाडी जमिनीवर ठेवून, वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं. स्पेसर काढले. २३५ चे टायर आता मडगार्डला लागायला लागले, तर त्याने घरून गाडीबरोबर आलेले जुने २१५/७५ चे चार मागवून घेतले, त्याचा भाऊ पिकअपमध्ये टाकून रात्री नऊला घेऊन आला, येताना आम्हा सगळ्यांना डबाही आणला. त्या दरम्यान मी सीटांखाली वाकून बघितलं तर फ्रेम नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला साध्या वायसरवर आवळलेली, एका बोल्टाभोवती पत्र्याला केसासारखी चीर गेलेली. बॉडीवाल्याने करून दिलं आणि कुणी परत बघितलं नाही. खालून जाड प्लेटा लावल्या, बोल्ट मोठे टाकले, चीर भोक पाडून थांबवली आणि वरून वेल्डिंग. याचे पैसे मी लावले नाहीत, असं काम बघून तसंच सोडता येत नाही.

कॅस्टर परत मोजला, तीन अंशाच्या वर आला. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली ते, चार मिमीवर ठेवलं. रात्री बाराच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर नेली, वळण घेऊन हात सैल सोडला तर स्टेअरिंग गपचूप मधे आलं. या एका गोष्टीसाठी मी दिवसभर भांडलो असतो.

त्याने विचारलं, काढलेले शॅकल आणि स्पेसर विकू का, चार पैसे येतील. म्हणलं वीक, पण घेणाऱ्याला विचार गाडी कशाला वापरतोस, सफारीवाला असेल तर माझ्याकडे पाठव. १ तारखेला दुपारी फोन आला, सकाळची फेरी झाली, पाहुणे नागपूरचे होते, गाडी सरळ चालते. नवीन बेअरिंग थोडी बसतात, प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा आवळ, कमी होतो, म्हणून चार-पाचशे किलोमीटरवर काटा परत लावावाच लागतो. मंगळवारी कोअर बंद असतो, त्या दिवशी ये म्हणून सांगितलंय, येताना बफरमधल्या दोघांना घेऊन येतो म्हणाला, त्यांच्याही गाड्या अशाच उचललेल्या आहेत.