ग्रांद बेटाआधी कान-नाक-घसा

गोव्यातल्या ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला गेले, पाण्याखाली मी जेमतेम पाऊण तास होते. त्यासाठी कान-नाक-घशाच्या ओपीडीत तीन सकाळी घालवल्या, आणि तो राग अजून गेलेला नाही.

डायव्हिंगवाल्यांच्या फॉर्मवर तब्येतीचे दहा प्रश्न असतात. शाळेत असताना माझ्या डाव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. भाचा म्हणाला, "मावशी, सगळीकडे 'नाही' लिही. कोण बघतंय?" कान माझा होता. मी 'हो' लिहिलं, आणि डॉक्टरची सही लागणार हे ठरलं.

फोंड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात" म्हणत मला सरकारी दवाखान्यात धाडलं. पहिल्या दिवशी कानाचे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या दिवशी अडीच तासांनी खिडकीवरची बाई विचारते, "फिटनेस नोकरीसाठी की लायसन्ससाठी?" म्हटलं, समुद्रात बुडी मारायला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि केसपेपरवर 'इतर' लिहिलं. डॉक्टर मात्र भले. कानात रबरी बोंडूक बसवून पडदा हलतो का ते यंत्रावर पाहिलं, पाच मिनिटांत सही. घरी येऊन फॉर्म पाठवला तर उत्तर आलं, शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर नाही!

तिसरी सकाळ. शिपायाने कपाटातून दुसरा शिक्का काढला. पॅड सुकलेलं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. नंबरचे शेवटचे दोन आकडे उमटलेच नाहीत, ते डॉक्टरांनी पेनाने गिरवले. तुम्ही जाल तेव्हा शिक्का तिथेच वाचून घ्या.

सर्दी असेल तर तारीख बदला, औषध घेऊन उतरू नका. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो; कान दुखायची वाट न पाहता नाक दाबून नाकाकडे हळू हवा ढकलत राहायचं.

बोट मांडवीतून निघाली. डावीकडे मुरगाव बंदर आलं. मार्च 1943 मध्ये इथेच एरेनफेल्स या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पलटणीतल्या पोट सुटलेल्या ब्रिटिश मंडळींनी रात्री छापा घातला होता. गोवा पोर्तुगालचा, म्हणजे तटस्थ, तरीही! खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं. भाच्याला हे सांगत होते, तो उलट्या करत होता.

'ग्रांद' म्हणजे पोर्तुगीजमध्ये मोठं. तसं काही मोठं नाही, झाडीने भरलेला खडक. पाणी फोटोतल्यासारखं निळं नसतं. मांडवी-जुवारीचा गाळ इथेच येतो. मला चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. पण एका कपारीत गोबरा तोंड उघडझाप करत बसला होता. इतकी वर्षं तो फक्त ताटात पाहिलेला.

हो, दोन बुड्या मारल्या तर पुढचे अठरा तास विमानात बसायचं नाही. भाच्याचं तिकीट त्याच रात्रीचं होतं, ते बदलावं लागलं.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. माझ्या फॉर्मवरची डॉक्टरांची सही वर्षभर चालते. फॉर्मच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात.