पेटीची गाडी कुठे आहे?

घरी आलेले पाहुणे माझ्या काचेच्या कपाटासमोर उभे राहिले, की बहुधा एकच प्रश्न येतो: नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, इतक्या जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती केल्यात, मग रिचर्ड पेटीची ती निळी ४३ क्रमांकाची गाडी कुठे आहे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेटीने २०० शर्यती जिंकल्या आणि त्याच्या गाडीचे किट दुकानात मिळते. आकडे आणि जाहिराती यांचे डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर बसवायची छापील चित्रे, खोक्यातच असतात, रंगाची छटा सूचनापत्रकावर छापलेली असते. अशा कामात माझ्या बोटांना श्रम पडतात, डोक्याला फारसे नाहीत.

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीमध्ये राहतो. येथून जवळच असलेल्या सॅनफर्डचा जे. डी. मॅकडफी नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीत ६५३ शर्यती धावला आणि त्याने एकही जिंकली नाही. १९७८ मध्ये डोव्हरला तो सर्वांत पुढच्या जागेवरून सुटला, हे त्याच्या कारकिर्दीत एकदाच घडले. १९९१ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत अपघात होऊन तो गेला. त्याची ७० क्रमांकाची गाडी करायची, तर पहिला प्रश्न पडतो तो 'कोणत्या दिवशीची?' मॅकडफीसारख्या स्वतःच्या पैशांवर धावणाऱ्या मंडळींच्या गाडीवरचा प्रायोजक पैसे मिळतील तसा बदले, ठोकलेला पत्रा पुन्हा बडवून बसवला जाई. त्यामुळे मी वर्ष नव्हे, एक विशिष्ट शर्यत निवडतो आणि तिची छायाचित्रे गोळा करतो. ती कृष्णधवल असली, की लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत दिसतात आणि एका पट्टीच्या रंगासाठी महिना जातो.

मापांचीही एक गंमत आहे. सत्तरच्या दशकात या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ११५ इंच असे, १९८१ पासून ते ११० झाले. पहिले १/२५ प्रमाणात आणि दुसरे १/२४ प्रमाणात काढले, तर दोन्ही साडेअकरा सेंटिमीटरांच्या थोडे पुढे, जवळजवळ सारखेच येते. कपाटात शेजारी ठेवलेल्या दोन गाड्या म्हणूनच दिशाभूल करतात. आतल्या सांगाड्याचा पावणेदोन इंची पाइप १/२४ मध्ये जेमतेम १.८५ मिलिमीटरचा होतो. तो मी स्टायरीन प्लास्टिकच्या काडीतून वाकवतो, आणि काडी नेमकी शेवटच्या वळणाला तुटते.

डीकॅल घरीच छापावे लागतात. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून डीकॅलच्या पांढऱ्या कागदावर छापून आकड्याची कड अगदी लगटून कापावी लागते. एकदा छापल्यावर लॅकरचा हात द्यायला विसरलो आणि कागद पाण्यात टाकताच ७० चा आकडा शाईसकट वाहून गेला.

सध्या टेबलावर वेंडेल स्कॉटची ३४ क्रमांकाची गाडी आहे, एएमटी या कंपनीच्या, १९६२ च्या शेवरले बेल एअरच्या किटमधून केलेली. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर या कृष्णवर्णीय चालकाने शर्यत जिंकली, परंतु विजेता म्हणून बक बेकर या दुसऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले. काही तासांनी चूक मान्य झाली, तोवर करंडक निघून गेला होता. म्हणून ही गाडी मी चकचकीत ठेवणार नाही. पेस्टल खडूची पूड करून चाकांच्या कमानींवर, काचेच्या कडेला आणि आकड्यावरही बसवतो आहे. जिंकूनही कोणी पुसायला न आलेली गाडी जशी दिसेल तशी.

स्कॉट आपल्या गाडीवर 'मेकॅनिक: मी' अशा अर्थाचे शब्द लिहीत असे. प्रिंटरवर ती अक्षरे फार नेटकी येतात, म्हणून मी ती सर्वांत बारीक ब्रशने हाताने लिहितो आहे. आतापर्यंत तीनदा पुसली.