आत येणारा प्रत्येकजण गिऱ्हाईक

इथे इंग्लंडमधे लेस्टरला नवीन आलेल्या मराठी मंडळींशी जरा ओळख वाढली की एक प्रश्न हमखास येतो. "ते चॅरिटी शॉप असतं ना, ते गरिबांसाठी असतं का गं? आपण गेलं तर चालतं?" आणि त्याच्याच मागोमाग जरा आवाज खाली करून, "आणि ते कपडे म्हणजे... कुणाकुणाचे वापरलेले असणार ना?" मी आठवड्यातून एक दिवस अशाच एका दुकानात व्हॉलंटियर म्हणून जाते, त्यामुळे हे सगळं मला इतक्या वेळा सांगावं लागतं की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया.

तर, गरिबांसाठी नसतं. सगळ्यांसाठी असतं. मला या दुकानांमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, आणि आज जे लिहायचंय ते मुख्यतः त्याबद्दलच.

आधी दुकान चालतं कसं ते सांगते. लोक घरातल्या चांगल्या पण नको झालेल्या वस्तू आणून देतात, फुकट. कपडे, पुस्तकं, कपबश्या, फोटोफ्रेम, मुलांचे खेळ. दुकान त्या विकतं आणि जो फायदा होतो तो संस्थेच्या कामाला जातो. एक पगारी मॅनेजर असते, बाकी बहुतेक आमच्यासारखे बिनपगारी. सरकारची मदत अशी की मुख्यतः दान आलेला माल विकणाऱ्या चॅरिटी शॉपला दुकानाच्या स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते आणि त्या मालाच्या विक्रीवर व्हॅट लागत नाही. शिवाय गिफ्ट एड नावाची एक फार हुशार योजना आहे. तुम्ही इथे इन्कम टॅक्स भरत असाल तर तुमच्या नावाचा एक स्टिकर तुमच्या पिशवीतल्या वस्तूंना लागतो आणि त्या विकून आलेल्या प्रत्येक पाउंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. तुमच्या खिशातून काहीच जात नाही, नंतर तुम्हाला कळवतात सुद्धा की तुमच्या सामानाचे इतके पैसे आले. तर आपल्या लोकांनो, पिशवी देताना तो फॉर्म भरायला कंटाळू नका, खरंच दोन मिनिटं लागतात.

ऑक्सफॅमचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती संस्था १९४२ मधे ऑक्सफर्डला सुरू झाली, महायुद्धात ग्रीसमधे उपासमार चालली होती तिथे अन्न पोचवावं म्हणून, आणि त्यांचं पहिलं कायमचं दुकान ऑक्सफर्डच्याच ब्रॉड स्ट्रीटवर त्याच दशकाच्या शेवटी निघालं. आता इंग्लंडमधल्या कुठल्याही गावाच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर जा, अशी तीन-चार दुकानं दिसतातच. कुणाचं हृदयरोगासाठी, कुणाचं कॅन्सरसाठी, कुणाचं मांजरांसाठी. पण मी ज्यांच्याविषयी जास्त जीव लावून लिहितेय ती म्हणजे हॉस्पिसची, बरा न होणारा आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या संस्थांची दुकानं, कारण त्यांचा पैसा गावातच राहतो.

आमच्याकडे लोरोस आहे. लेस्टर, लेस्टरशायर आणि रटलंड एवढ्या भागासाठी. ग्रूबी रोडवर त्यांचं हॉस्पिस आहे, १९८५ पासून. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांचं दुखणं कमी करायचं, त्यांचे दिवस नीट जावेत हे बघायचं, घरच्यांना आधार द्यायचा, असं हे काम. पेशंटकडून एक पैसा घेत नाहीत. आता हे चालतं कशावर? लोकांना वाटतं इथे सगळं एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा करते, पण इथल्या मोठ्यांच्या हॉस्पिसना सरकारकडून साधारण तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं गावाने उभं करायचं. म्हणजे देणग्या, लॉटरी, कुणी मृत्युपत्रात ठेवलेली रक्कम, कुणी धावून जमवलेले पैसे, आणि ही दुकानं. तुम्ही दोन पाउंडाला घेतलेला स्वेटर कुठेतरी रात्रपाळीच्या नर्सच्या पगारात जातो. मला हे फार मोठं वाटतं, मी अजिबात कौतुक म्हणून वाढवून सांगत नाहीये.

हॉस्पिस म्हणजे काय हे अजूनही घरी फोनवर समजावून सांगावं लागतं. आजची ही जी पद्धत आहे ती सिसिली साँडर्स या बाईंनी घडवली, आधी नर्स, मग हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर, मग मोठ्या वयात परत शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ मधे लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. आपल्याकडे मुंबईत बांद्र्याला १९८६ मधे शांती आवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं, त्यांचं गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथेही पेशंटला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या लोकांना मी "वारज्याला आहे ना, तसं" म्हटलं की ज्यांच्या घरात कुणी तिथे होतं ते लगेच गप्प होऊन मान हलवतात.

आता मागच्या खोलीबद्दल, कारण खरं दुकान तिथेच असतं. पुढे नीट रंगवार लावलेले कपडे दिसतात ना, त्याच्यामागे एक खोली असते आणि तिथे पिशव्यांचा डोंगर. जानेवारीत तर पाय ठेवायला जागा नसते, नाताळ झालेला असतो आणि सगळ्यांनी घर आवरायला काढलेलं असतं. पिशवी उघडायची, एकेक कपडा उजेडात धरून बघायचा, काख, कॉलर, चेन, बटणं, खिसे. खिसे तर बघायचेच, बसचं तिकीट, रुमाल, चिठ्ठ्या, काय काय निघतं. चांगला असेल तर हँगरला लावून स्टीमरने वाफ द्यायची, टॅगिंग गनने किंमत टोचायची, साइजची चकती अडकवायची. काही दिवसांत विकला गेला नाही तर किंमत उतरते किंवा दुसऱ्या शाखेला जातो. पझल असेल तर तुकडे मोजायचे, आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत त्या हजार तुकड्यांचं पझल घरी नेऊन लावून बघतात आणि मगच "पूर्ण आहे" असं लिहून आणतात. विजेची वस्तू तपासल्याशिवाय विकता येत नाही, सोफ्याला आगीच्या नियमाचं लेबल शिवलेलं नसेल तर तो घेताच येत नाही (१९८८ चा कायदा आहे), मुलांच्या कारसीट आणि हेल्मेट आम्ही घेत नाही कारण त्यांना आधी मार बसलाय का ते बाहेरून कळत नाही.

आणि जे विकण्यासारखं नाही ते रॅगच्या, म्हणजे चिंध्यांच्या गोणीत. ते किलोवर जातं, रॅगचे व्यापारी येऊन उचलतात, त्याचेही थोडे पैसे येतात पण फार नाही. पुढे ते जगभर फिरतं. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे शेवटी आपल्या पानिपतला येतात, तिथे ते पिंजून त्याचा परत धागा करतात आणि ब्लँकेटं विणतात, हे मला इथे काम करायला लागल्यावर कळलं. शाळेत पानिपत म्हणजे एवढंच माहीत होतं की काय झालं ते! पण रॅगमधे जाणं म्हणजे कुणाचं तरी काम वाढणं, आणि जे पैसे हॉस्पिसला मिळाले असते ते न मिळणं. एक फाटका टॉप कुणी "असू दे, गरिबाला होईल" म्हणून टाकला की आमची पाच मिनिटं जातात आणि हातात काही येत नाही.

ह्या "गरिबाला होईल" वर मला जरा बोलायचंय. आपल्याकडे जुने कपडे देण्याची रीत अशी की कामवाल्या मावशींना द्यायचे, वॉचमनच्या मुलांना द्यायचे, दिवाळीच्या आधी कपाट आवरलं की. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हो. पण घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. डाग असला तरी, माप नसलं तरी, रंग आवडला नाही तरी हसून घ्यावं लागतं आणि वर "ताई, छान आहे" म्हणावं लागतं. त्यापेक्षा आमच्या लहानपणी दारावर येणारी बोहारीण बरी, ती जरीची साडी उलटसुलट करून बघायची, काठ चाचपायची, "एवढ्यात पातेलं नाही परवडत बाई, अजून दोन पँटी काढा" म्हणून अडून बसायची, आणि आई पण अडून बसायची. दोघी बरोबरीच्या होत्या तिथे.

दुकानात नेमकं हेच होतं. जो आत येतो तो गिऱ्हाईक. त्याला कुणी विचारत नाही तुझा पगार किती, तुला याची गरज आहे का, कागद दाखव. तो कोट घालून आरशात बघतो, नाही आवडला तर परत लावून जातो, आवडला तर सहा पाउंड देतो आणि पिशवी घेऊन बाहेर पडतो. त्याच रांगेत त्याच्यामागे मोठी गाडी बाहेर लावून आलेली बाई जुन्या चिनीमातीच्या ताटल्या घेऊन उभी असते. टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, दोघांना मी सारखंच "थँक यू" म्हणते, कारण दोघांनीही हॉस्पिसला पैसे दिलेत. ज्याच्याकडे कमी आहे तोही इथे देणारा होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमधे आपली मुलं येतात, दोन्ही युनिव्हर्सिटींमधली. पुणे, नाशिक, नागपूर, मागे एक लातूरचा होता. विमानात जेवढं वजन चालतं त्यात आईने लाडू आणि कुकर भरलेला असतो, जाड कोट कुठून बसणार? पहिल्यांदा दारात घुटमळतात. मी मराठीत "ये रे आत" म्हटलं की एकदम चेहरा सैल होतो. कोट, एक-दोन स्वेटर, तवा म्हणून चालेल असं जाड पॅन, चार ताटल्या, एवढं घेऊन जातात आणि नवीन दुकानात जितक्याला एक कोट आला असता त्याच्या निम्म्यात सगळं होतं. त्यातली काही मुलं नंतर व्हॉलंटियर म्हणून येतात, इंग्लिश बोलायची सवय होते आणि नोकरीच्या अर्जावर लिहायला इथलं काम मिळतं. इंग्लिश शाळांमधली पोरं पण येतात, ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड म्हणून एक उपक्रम असतो त्यात काही महिने समाजाचं काम करावं लागतं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ऐंशीच्या आजींकडून स्टीमर चालवायला शिकतो, असं दृश्य मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तक्रारीही ऐकते मी. किमती वाढल्या, प्रायमार्क नावाच्या स्वस्त कपड्यांच्या दुकानात नवीन टीशर्ट याहून स्वस्त मिळतो. खरं आहे, कारण नवीन कपडाच इतका स्वस्त आणि इतका पातळ झालाय की दुसऱ्यांदा विकायला तो उरतच नाही. पिशव्या पूर्वीपेक्षा जड आणि आतला माल हलका, असं आमच्या जुन्या व्हॉलंटियर सांगतात. आणि भाडं, वीज, मॅनेजरचा पगार हे तर द्यावं लागतंच. पण करात सूट मिळते म्हणून यांनी छोटी दुकानं मारली असं जे म्हणतात ते मला पटत नाही, आमच्या शेजारचे दोन गाळे कितीतरी दिवस रिकामे आहेत, तिथे कुणीच येत नाहीये.

भारतात असं का नाही, हा पुढचा प्रश्न. गूंज या संस्थेचं काम बघा, अंशु गुप्तांनी १९९९ ला दिल्लीत सुरू केलं, २०१५ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. गावातली माणसं आपल्याच गावासाठी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात, भीक म्हणून नाही. विचार तोच. उलट आपल्याकडे गावोगावी माणुसकीच्या भिंती झाल्या, नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, हेतू फार चांगला, पण कपडे निवडायला, वाफ द्यायला, मापाप्रमाणे लावायला कुणी नसेल तर पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. भिंतीपाशी एक माणूस हवा. पुण्यात एखाद्या पेठेत, एखाद्या संस्थेच्या नावाने, आठवड्यातून चार दिवस उघडणारं दुकान निघालं तर निवृत्त लोक उभे राहायला नक्की मिळतील, अडचण भाड्याची येईल. कुणाकडे वापरात नसलेला तळमजल्यावरचा गाळा असेल तर मला खरंच कळवा, मी सुट्टीत येते तेव्हा बोलू.

आणि आता लेस्टरवाल्यांसाठी, साड्यांबद्दल. आमच्याकडे साड्या येतात पण किंमत लावणाऱ्यांना इरकल कुठली आणि पॉलिएस्टर कुठलं ते कळत नाही, मी असते तेव्हा मी लावते, नसते तेव्हा सगळ्या एकाच भावात जातात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागातल्या गुजराती आज्या पदर उलगडून बघून घेतात, आणि गोधड्या शिवणाऱ्या इंग्लिश बायका तर काठासाठी नेतात. तेव्हा देताना साडी धुवून, घडी करून, वर छोटी चिठ्ठी टाचा, सिल्क की कॉटन, कुठली, फॉल आहे का, ब्लाउज असेल तर छातीचं माप. चेन अडकत असेल असा पंजाबी ड्रेस देऊ नका, चेन बदलून द्या. गिफ्ट एडचा फॉर्म भरा. आणि दुकान बंद असताना दारात पिशवी ठेवून जाऊ नका प्लीज, रात्री पाऊस पडतो आणि भिजलेली पिशवी सकाळी सरळ रॅगच्या गोणीत जाते.