आमची वाटचाल : चेकवरची सही आणि दिलेला शब्द

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या एका गाळ्यात १९९६ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि लोखंडी ग्रिल बनवायला सुरुवात केली. शेजारच्या गाळ्यांतील कारखानदार कंपन्यांना माल देत. आमचा ग्राहक मात्र पहिल्यापासून घरमालकच राहिला. त्याच्याकडे पर्चेस ऑर्डर नसते की हिशेबाचा वेगळा विभाग नसतो. तो कपाटातून आपल्या बचत खात्याचे चेकबुक काढतो, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारतो आणि सही करून चेक आमच्या हातात देतो. नौपाड्यातील जुन्या इमारतींपासून घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांपर्यंत आमचा धंदा वाढला तो अशाच वैयक्तिक चेकवर, आणि म्हणून आमची वाटचाल सांगायची तर ती चेकच्या अंगानेच सांगावी लागते.

माप घेतल्यावर निम्मी रक्कम आगाऊ आणि काचा बसवून सिलिकॉन भरून झाल्यावर उरलेली, ही आमची पद्धत आजही तीच आहे. आगाऊ रकमेचा चेक वटल्याशिवाय सेक्शन, म्हणजे खिडकीच्या चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कापू नका, असे आम्हाला जाणत्यांनी बजावले होते, कारण एका घराच्या मापाने कापलेली पट्टी दुसऱ्या घरी सहसा उपयोगी पडत नाही. हा सल्ला मे महिन्यात पाळणे अशक्य होते. पावसाआधी खिडक्या बसायला हव्यात म्हणून सगळे एकदमच येत, आणि त्या काळी कागदाचा चेक प्रत्यक्ष क्लिअरिंगला जाऊन पैसे जमा होईपर्यंत तीन-चार दिवस सहज जात. त्यामुळे माणसाचा शब्द ऐकून करवत चालवायची, असे आम्ही ठरवले. ‘पगार सात तारखेला होतो, चेक आठ तारखेला टाका,’ असे आपणहून सांगणाऱ्या ग्राहकाने आम्हाला कधी बुडवले नाही. माझ्या पत्नीने हिशेबाच्या वहीत चेकचा क्रमांक, बँक आणि रक्कम यांच्यापुढे ‘काय ठरले’ असा एक रकाना आखला, आणि ग्राहक जे बोलला ते त्याच्याच शब्दांत ती तिथे लिहू लागली.

या वहीतली २०१४ सालची एक नोंद मला विसरता येत नाही. विष्णुनगरमधील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आम्ही तीन खिडक्या बसवल्या होत्या. सरांनी रक्कम मराठीत अक्षरी लिहिली, ‘फक्त’ या शब्दापुढे मोकळी जागा राहू नये म्हणून रेघ ओढली, स्थळप्रत भरली आणि मगच सही केली; सही करताना उजवा हात थरथरू नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने मनगट धरले होते. चेक परत आला. खात्यात पैसे होते, पण नमुन्याशी सही जुळत नव्हती. मी फोन केला, तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी सर रिक्षाने गाळ्यावर आले. बँकेत जाऊन त्यांनी नवी सही नोंदवली होती, नवा चेक आणला होता आणि चेक परत आल्याबद्दल बँकेने आमच्याकडून जे शुल्क कापले होते तेवढे रुपये वेगळ्या पाकिटात घातले होते. ते शुल्क घ्यायला मी नको म्हणालो. ‘सही माझी होती, तेव्हा चूकही माझीच,’ असे म्हणून त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले.

सही जुळली नाही म्हणून परत आलेला चेकही, चेक न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ खाली येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले आहे, हे मला पुढे आमच्या वकिलांकडून कळले. वकिलांकडे जाण्याचे कारण निराळे होते. घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराने दहा फ्लॅटच्या खिडक्या आमच्याकडून करून घेतल्या आणि शेवटी ‘फर्मच्या खात्याची अडचण आहे, हा माझा स्वतःचा चेक घ्या, माझा शब्द आहे,’ असे सांगून दोन लाख चाळीस हजारांचा वैयक्तिक चेक दिला. तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्याला मुदती आहेत. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार दाखल करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंडाची किंवा दोन्हींची होऊ शकते. आम्ही सगळे वेळेत केले, आणि तरीही अडीच वर्षांनी दीड लाखावर तडजोड केली, कारण प्रत्येक तारखेला भाऊ कोर्टात आणि गाळ्यातील काम बंद, हे आम्हाला झेपत नव्हते. चेक परत आला त्या महिन्यातले कारागिरांचे पगार भावाने मुदत ठेव मोडून दिले. त्यानंतर कंत्राटदारांसाठी आम्ही नियम कडक केला, पण घरमालकांसाठी तो बदलला नाही. एकाचा राग दुसऱ्यावर काढणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

शब्द पाळण्याची वेळ आमच्यावरही आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर आमची येणी अडकली आणि ॲल्युमिनियमच्या व्यापाऱ्याला दिलेला ८५ हजारांचा चेक दुसऱ्या दिवशी बँकेत पडणार होता. आदल्या संध्याकाळी मी फोन करून खात्यात किती शिल्लक आहे ते जसेच्या तसे सांगितले. शेठ म्हणाले, ‘सांगितलंत, बरं केलंत. सोमवारी टाकतो.’ चेक तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे थांबणे त्यांना शक्य होते, पण थांबायचे की नाही हे सर्वस्वी त्यांच्या मनावर होते. रविवारपर्यंत आम्ही पैसे उभे केले.

आता बहुतेक तरुण ग्राहक यूपीआयने पैसे देतात आणि मुलाच्या मते चेकची वही बंद करायला हरकत नाही. मला ते मान्य नाही, कारण मोठी रक्कम देताना आमचे वयस्कर ग्राहक अजूनही चेकच लिहितात. पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रकमेच्या चेकचा तपशील आधीच बँकेला कळवण्याची पॉझिटिव्ह पे ही सोय २०२१ पासून आहे, ती त्यांना आम्ही समजावून सांगतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक दिवसभर सतत क्लिअर होऊ लागले आहेत. आज दिला तरी वटायला दोन दिवस लागतील, या हिशेबाने चेक देण्याचे दिवस गेले. ज्येष्ठ ग्राहकांना हा बदल ठाऊक नसतो, म्हणून त्यांचा चेक बँकेत टाकण्यापूर्वी पत्नी फोन करून ‘आज टाकू का?’ असे विचारते आणि जे उत्तर येईल ते त्याच रकान्यात लिहिते.